लाकडी कणसांचा मांडव

पुष्कळ वर्षं झाली, बाळांनो. किती ते विचारू नका, मोजणारेही आता उरले नाहीत. डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं आणि राज्याच्या अगदी टोकाला, ओढ्याकाठी, एक गाव होतं. ही गोष्ट त्या गावातल्या भिवबा चिताऱ्याची. गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला गोड गोष्ट हवी असेल त्यानं आत्ताच उठून खेळायला जावं.

भिवबा लाकडाची फळं करायचा. पांगाऱ्याचं हलकं लाकूड तासायचं, चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून त्यावर उंचवटे उठवायचे, लाखेचा रंग चढवायचा आणि शेवटी केवड्याच्या पानानं घासून तकाकी आणायची, हा त्याचा धंदा. त्याचं सीताफळ हातात घेऊन बायका ते पिकलंय का ते दाबून बघायच्या. त्याच्या पेरूवर पोपट चोच मारून जायचे आणि भिवबा ओट्यावर बसून पोट धरधरून हसायचा.

"नुसतं सुंदर करून भागत नाही," तो म्हणायचा. "सगळं गुळगुळीत दिसलं की बघणाऱ्याला शंका येते. कुठंतरी डाग पाहिजे, कुठं अळीचं भोक पाहिजे. मग बघा, देव आला तरी फसेल."

बोलायला काय जातंय! माणूस मात्र वाईट नव्हता हो. बायको लवकर गेली, मागं आवडा नावाची एकच मुलगी. तिला त्यानं आईसारखं न्हाऊमाखू घालून वाढवलं, लग्न लावून दिलं. जावई राजाच्या फौजेत, दूर सरहद्दीवर. त्या वर्षी आवडा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि भिवबाला हातांनी काय करू नि काय नको असं झालं होतं. पाळणा, खुळखुळा, चिमण्या, सगळं आधीच करून ठेवलं होतं त्यानं.

आता त्या राज्यातली एक रीत सांगतो, ती नीट ऐका.

शरद लागला, आभाळ धुतल्यासारखं निळं झालं, की प्रत्येक गाव आपल्या वेशीत एक मांडव घालायचं. त्यात नव्या पिकाचं पहिलं सगळं टांगायचं. मक्याची आणि बाजरीची कणसं, काकड्या, लाल भोपळे, सीताफळं. नवरात्रात राजाचा कोठावळा, म्हणजे धान्याच्या कोठाराचा मुख्य, घोड्यावरून गावोगाव फिरायचा. तो घोड्यावरून उतरत नसे आणि मांडवाला हात लावत नसे, कारण मांडव देवीचा. डोळ्यांनी बघायचा आणि तीनदा विचारायचा, "गावात काही उणं?" मांडव भरलेला असला तर गाव म्हणायचं, "भरून पावलो." मग तो पुढं जायचा. मांडव रिकामा असला तर गाव गप्प उभं राहायचं. तेवढंच पुरे असायचं. दसरा झाला की चार दिवसांत राजाच्या कोठारातून गाड्या यायच्या आणि पुढचं पीक येईतो त्या गावाची चूल विझत नसे.

रीत चांगलीच होती. पण तिला एक काटा होता. दसऱ्याला सगळ्या गावांचे पाटील राजाच्या दरबारात जमायचे, तेव्हा रिकाम्या मांडवाच्या गावच्या पाटलानं पागोटं काढून, सगळ्यांच्या मागं, उघड्या डोक्यानं उभं राहायचं. हा नियम कुणी केला कोण जाणे. ज्यानं केला तो कधी उपाशी झोपला नसणार, एवढं मी सांगतो.

तर त्या वर्षी पाऊस दणकून झाला. पिकं अशी उभी राहिली की शेतात शिरलेला माणूस दिसू नये. गाव खुशीत होतं. आणि भाद्रपदात, भर दुपारी, आभाळ काळवंडलं. लोकांना वाटलं ढग आला. ढग खाली उतरला आणि कुरकुर कुरकुर आवाज करू लागला. टोळधाड! लोकांनी थाळे बडवले, धूर केला, लुगडी हलवली. संध्याकाळपर्यंत शेतात नुसते दांडे उरले होते. भोपळ्याच्या वेलांची सालंसुद्धा सोलून नेली होती मेल्यांनी.

दुसऱ्या दिवशी पाटील भिवबाच्या ओट्यावर येऊन बसले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांचा.

"भिवबा, मांडव तू भर," ते म्हणाले.

"मी? कशानं भरू, पाटील?"

"तुझ्या हातांनी. आजवर या गावचा पाटील दरबारात उघड्या डोक्यानं उभा राहिला नाही. माझा बाप नाही, आजा नाही. मी पहिला होऊ?"

भिवबा घुटमळला. "आणि गाव खाणार काय? मांडव भरलेला दिसला तर गाड्या येणार नाहीत."

"माझं पेव आहे की," पाटील म्हणाले. आता पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं तळघर, वरून दगड-मातीनं लिंपून बंद केलेलं. "गेल्या साली गळ्यापर्यंत जोंधळा भरलाय त्यात. दसरा होऊ दे, घराघरांत होतं नव्हतं ते संपू दे, मग पेव फोडतो आणि सगळ्या गावाला वाटतो. देवीची आण! कुणी उपाशी मरायचं नाही आणि कुणाची मानही खाली जायची नाही."

पाटील खोटं बोलत नव्हते, बरं का. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

आवडा दाराआड उभी राहून ऐकत होती. पाटील गेल्यावर ती बाहेर आली, कमरेवर हात ठेवून, जड पावलांनी.

"आबा, नका करू. रिकामा आहे तर रिकामा दिसू दे. गाड्या येतील."

"अगं, पाटलांनी आण घेतलीय."

"पाटलांचं पेव कुणी उघडून बघितलंय? राजाचं कोठार सगळ्यांनी बघितलंय. माझे दिवस भरत आलेत, आबा. मला कुणाच्या पागोट्याचं काही पडलेलं नाही."

लेकीचं बोलणं भिवबाला पटलं होतं. पण खरं सांगू? पाटलांनी "मांडव तू भर" म्हटल्या क्षणीच त्याचे हात शिवशिवायला लागले होते. आजवर त्यानं एक फळ केलं, दहा केली. अख्खा मांडव! जन्मात पुन्हा अशी संधी यायची नव्हती. हे तो लेकीला सांगू शकला नाही. स्वतःशीही त्यानं ते कबूल केलं नाही.

"गावाचं काम आहे, पोरी," एवढंच तो म्हणाला आणि लाकूड तासायला वाकस घेऊन बसला.

वीस दिवस तो खपला. मक्याच्या एकेका कणसावर एकेक दाणा बसवला. बाजरीच्या कणसांसाठी काड्यांना खळ लावून त्यावर वाळूचे कण चिकटवले. भोपळ्याला मातीत टेकलेल्या बाजूनं पिवळट डाग दिला. मोठी माणसं सगळी सामील होती. पोरांना मात्र कळू द्यायचं नाही असं ठरलं, कारण पोरं कुठंही बोलून जातात. म्हणून मांडव पहाटे घातला गेला आणि पोरांनी उठून पाहिलं तो काय! पोरं नाचायलाच लागली. टोळांनी काही नेलंच नाही, असं त्यांना वाटलं.

पंचमीला कोठावळा आला. वयस्कर, बारीक डोळ्यांचा माणूस. वेशीत घोडा थांबवून तो मांडवाकडं बघत राहिला.

"आश्चर्य आहे," तो म्हणाला. "शेजारच्या गावात पान उरलं नाही. तुमच्याकडं टोळ आले नाहीत?"

"आले, धनी," पाटील म्हणाले. "पण आम्ही आधीच बरंच काढून घेतलं होतं."

कोठावळ्याच्या घोड्यानं मान लांब करून एका कणसाला नाक लावलं. गावानं श्वास रोखला. घोड्यानं फुर्रकन नाक शिंकरलं आणि तोंड फिरवलं. "बघा, माजलाय," कोठावळा हसला. "समोर मका आणि हा नको म्हणतो!" मग त्याची नजर एका कणसातल्या भोकावर गेली. भोकातून हिरव्या अळीचं डोकं बाहेर डोकावत होतं. "अळीनं मात्र नको म्हटलेलं दिसत नाही. बरं, रीतीप्रमाणं विचारतो. गावात काही उणं?"

"भरून पावलो!" गाव म्हणालं.

"गावात काही उणं?"

"भरून पावलो." या वेळी आवाज थोडा पडला.

"गावात काही उणं?"

तिसऱ्या वेळी गाव अडखळलं. लेकुरवाळ्या बायांनी खाली बघितलं. म्हातारे एकमेकांकडं बघू लागले. त्या क्षणी एकानं जरी तोंड मिटून घेतलं असतं, तर शेजारच्यानंही मिटलं असतं. आणि त्या शांततेत खणखणीत आवाज आला, "भरून पावलो, धनी!"

तो आवाज भिवबाचा होता. अळी बघून कोठावळा हसला, तेव्हापासून त्याचं भान सुटलं होतं.

कोठावळा निघून गेला. लोकांनी भिवबाला खांद्यावर घेतलं. आवडा घरी चुलीपाशी बसून होती. तो आत येताच ती म्हणाली, "तुमचाच आवाज होता ना, आबा?" आणि तिनं त्याच्यासमोर ताट सरकवलं. ताटात अर्धी भाकरी होती.

दसऱ्याला पाटील पागोटं चढवून दरबारात पहिल्या रांगेत उभे राहिले. शेजारच्या गावचे पाटील मागं, उघड्या डोक्यानं. त्यांना बघून आपल्या पाटलांबरोबर गेलेली चार टाळकी फिदीफिदी हसली. चौथ्या दिवशी धान्याच्या गाड्या आल्या. बारा गाड्या, वेशीतून आत, मांडवाखालून, आणि गावातून सरळ ओढ्यापलीकडं, शेजारच्या गावाला. रस्ताच तो होता. बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकून पोरं मागं धावली. एक गाडीवान वर बघत म्हणाला, "तुमचं बरंय बाबा! देवीची कृपा!"

दसऱ्यानंतर मांडव फोडायचा आणि त्यातलं सगळं पोरांना प्रसाद म्हणून वाटायचं, ही रीत. पोरं रोज विचारू लागली, "मांडव कधी फोडायचा?" मोठे म्हणायचे, उद्या. घराघरांतली मडकी रिकामी होत चालली होती. एक दिवस कुंभारवाड्यातली पाच वर्षांची पोर मांडवाच्या खांबावर चढली आणि तिनं कणीस तोडून कचकन चावलं. तिचा दात पडला. रक्ताळलेल्या तोंडानं ती भिवबाच्या दाराशी येऊन उभी राहिली, कारण त्याचंच दार जवळ होतं.

"आजोबा, याला शिजवायचं असतं का?" तिनं विचारलं.

भिवबानं तिचं तोंड धुतलं.

कार्तिकात आवडा बाळंत झाली. मुलगा झाला, काळ्याभोर जावळाचा. पाचवीला जे करायचं ते पाण्यावरच केलं. बाळंतिणीला डिंक नाही, खारीक नाही, साधी पेजसुद्धा पातळ. तरी भिवबाला उमेद होती. पेव होतं ना!

मार्गशीर्षात गाव पाटलांच्या अंगणात जमलं. पेव फोडलं. वरचा दगड हलवताच असा वास आला की पुढची माणसं तोंडावर धोतराचा सोगा धरून मागं सरली. त्या साली पाऊस दणकून झाला होता, म्हटलं ना? पाणी जमिनीतून झिरपत झिरपत पेवात उतरलं होतं. जोंधळा कुजून त्याचा काळा चिखल झाला होता. गळ्यापर्यंत. पाटलांनी हात घालून तळापर्यंत चाचपलं. कोरडा दाणा लागतो का ते बघत राहिले. मग तिथंच मातीत बसले आणि रडायला लागले.

लोक शेजारच्या गावात गेले. तिथल्या लोकांनी दोन पोती दिली, नाही असं नाही. पण एक म्हातारी बोललीच, "आमच्या पाटलाला हसताना बरं वाटलं होतं ना रे?" दोन पोती दीडशे तोंडांना किती पुरणार? आठ दिवस पुरली.

आवडाचं दूध आटत चाललं. बाळ आधी खूप रडायचं. मग कमी रडू लागलं. भिवबाला त्या रडण्यापेक्षा त्या कमी होण्याचीच जास्त भीती वाटली. एका सकाळी त्यानं मांडवातलं ते अळीचं कणीस काढून धोतराच्या पदरात बांधलं आणि राजधानीची वाट धरली. चार दिवसांची वाट. वाटेत पाला खाल्ला, पाणी प्यायला.

कोठावळा कोठाराच्या दाराशीच भेटला. भिवबानं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. "धनी, आमचं गाव उपाशी मरतंय."

"कोणतं गाव?" नाव ऐकून कोठावळ्याच्या कपाळाला आठी पडली. "खोटं बोलू नकोस. तुमचा मांडव मी या डोळ्यांनी बघितलाय. तीनदा विचारलं होतं मी."

"मांडव खोटा होता."

"कोठावळ्याला खोटा मांडव ओळखू येत नाही, असं म्हणायचंय तुला?"

तेव्हा भिवबानं पदर सोडला आणि ते कणीस त्याच्या हातात ठेवलं. कोठावळ्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं. नखानं दाणा उचकटायला गेला, तर नख मोडलं. अळीच्या भोकावर बोट फिरवलं.

"काय हात आहे रे तुझा," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "अरे करंट्या, काय केलंस हे!"

त्यानं कोठाराचं दार उघडून भिवबाला आत नेलं. आत झाडून काढलेली जमीन होती. त्या साली राज्यात चाळीस गावांचे मांडव रिकामे होते. तुमच्या वाटणीचं तुम्ही नको म्हणालात, म्हणून तेही त्या गावांना वाटून टाकलं, असं कोठावळ्यानं सांगितलं. तो स्वतःच्या घरी गेला आणि पायलीभर तांदूळ घेऊन आला. "एवढंच आहे माझ्याकडं. पळ."

भिवबा पळालाच. म्हातारा माणूस, पोटात काही नाही, पण चार दिवसांची वाट त्यानं तीन दिवसांत तुडवली. तांदळातला एक दाणासुद्धा तोंडात टाकला नाही.

घराचं दार उघडंच होतं. आवडा पाळण्याशी बसली होती. पाळणा रिकामा होता. तिच्या मांडीवर बाळाची कुंची होती, नीट घडी घातलेली. शेजारच्या बायकांनी सांगितलं, काल सकाळी गेलं. रडलंही नाही.

भिवबाच्या हातून तांदळाची पिशवी खाली पडली. तो लेकीसमोर बसला. हात जोडले.

आवडा रडत नव्हती. तिनं त्याच्याकडं बघितलं, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि अगदी साध्या आवाजात, लहानपणी बाहुली मागायची तशी, म्हणाली, "आबा, तुम्हाला सगळं हुबेहूब करता येतं ना? मग मला माझं बाळ करून द्या."

भिवबाला हंबरडा फुटला. गावानं तो ओढ्यापलीकडं ऐकला.

आणि बाळांनो, सगळ्यांत वाईट ते पुढंच आहे. त्याला करता आलं असतं. जावळाचा केस नि केस, मिटलेली मूठ, हनुवटीवरची खळी, सगळं त्याला आठवत होतं. बघणारा फसला असता असं बाळ त्याच्या हातांनी चार दिवसांत झालं असतं. हे त्याला कळत होतं आणि आवडालाही कळत होतं.

त्यानं ते केलं नाही. त्यानंतर भिवबानं कशालाच रंग लावला नाही. तांदळाची पेज करून तो लेकीला घासाघासानं भरवू लागला. ती वाचली. उन्हाळा संपला तेव्हा गावातली तीस माणसं कमी झाली होती, त्यात पोरं जास्त होती. पावसाच्या आधी जावई येऊन आवडाला घेऊन गेला. जाताना ती बापाच्या पाया पडली, पण पुन्हा कधी माहेरी आली नाही.

पुढच्या शरदात मांडव भरला, खऱ्या पिकानं. कोठावळा आला, घोड्यावरून खाली उतरला आणि त्यानं प्रत्येक कणसाचा एक दाणा काढून दातांखाली फोडून बघितला. देवी रागावली नाही. भिवबा गर्दीत मागं उभा होता. "गावात काही उणं?" असं कोठावळ्यानं विचारलं, तेव्हा गाव म्हणालं, "भरून पावलो." एकट्या भिवबाचं तोंड मिटलेलं होतं आणि ते मरेपर्यंत दर शरदात तसंच मिटलेलं राहिलं.

तात्पर्य : आपली नड झाकून जो भरल्या घराचा देखावा करतो, त्याच्या दारावरून मदत पुढं निघून जाते आणि त्याची किंमत घरातला सगळ्यांत लहान जीव मोजतो.